वाळलं लाकूड

न्हाय ओ, तुमाला पाव्हणं म्हणून प्लास्टिकच्या कपात चहा दिला असं मनात आणू नका, सारजाबाई – आमी पण ह्यातच पितो, ह्यो बगा माजा. घ्या, गार हुतोय. कळस गावावरनं उन्हाचं आलात, आधी घसा वला करा, मंग घर दाखवते. बाप्ये गेल्यात रानाकडं, ते काय इतक्यात येत न्हाईत – आमचं मालक पाव्हणा गावला की उसाच्या कडंकडंनं त्येला पार कॅनॉलपतोर चालवत नेत्यात, आन आमचा पोरगा, दिग्विजय, आपला मागं मागं, मुक्यानं. बाप्यांनी रान बगायचं, बायांनी चूल बगायची, सोयरीक काय उगंच जुळती का? तुमी पोरीची आय, तुमी तर नीट निरखून बगायला पायजे. बगा की, मोकळ्या मनानं बगा. तुमच्या सोनलला पैल्या घरात काय सोसावं लागलं ते आत्ता तुमीच सांगितलंत – न्हाय, मी उकरून काढत न्हाय, म्हणायचं एवढंच की आमच्या दिग्विजयला दारू न्हाय, तंबाखू न्हाय, चढ्या आवाजात बोलणं न्हाय. आयटीआय केल्याला हाय, इलेक्ट्रिशनचा. बारामतीला एमआयडीसीत कामाला हुता, मेंटेनन्सला, चांगला पगार हुता. सोडलं ते. का म्हंजे – सोडलं. आता शेतीच बगतो.

काय बगताय? हां, मांडणी. मला वाटलंच तुमची नजर तितं जाणार, बाईमाणसाची नजर पैली भांड्यांवरच जाती. भांडी हाईत की, ह्या प्लास्टिकच्या बरण्या, ती मेलामाइनची ताटं, मातीची दोन गाडगी दह्याला. तवा लोखंडाचा तेवढा ठेवलाय, प्लास्टिकवर भाकरी भाजत न्हाय ना – हासा की ओ, मी हासायलाच म्हणले. स्टीलचं समदं हुतं आमच्याकडं. माज्या माहेरची घागर हुती पितळंची, पैल्या सुनंच्या, रेश्माच्या, रुखवतातला पिंप हुता, पळसदेववरनं टेंपोत घालून आणल्याला. विकलं. दिग्विजयनं विकलं एका सकाळी, मोडवाल्याला बोलवून, लोखंडी कॉट पण, माजी शिलाई मशीन पण. जाऊ द्या. दिसतंय कसं, घर एकदम हलकं दिसतंय का न्हाय? आवाज न्हाय भांड्यांचा. पैल्या पैल्यांदी मला झोप लागायची न्हाय, सकाळचं भांडं पडल्याचा आवाजच न्हाय म्हणल्यावर घरात कुणी उठलंय का न्हाय तेच कळायचं न्हाय.

मालकांनी मला लई बजावून सांगितलंय, ह्यो इषय काढू नगं म्हणून. पण तुमी बगतायच म्हणल्यावर – आन तुमाला ऐकून तर म्हाईतच असंल, पैली कशानं गेली ते. शॉक बसून. व्हय, तेवढंच सांगतेत लोक. शॉक बसला आन गेली. आता कशाला बोलायचं? पण तुमची पोर ह्या घरात यायची म्हंजे तुमाला कळायला पायजे, व्हय का न्हाय? कळायला पायजे.

रेश्मा पळसदेवची. उजनीच्या पाण्याकडंला वाढल्याली, बाप मासं धरायचा, तीन-चार एकर रान पण हुतं. पाण्याचं तिला भ्या कसलं ते न्हवतं – पावसात अनवाणी फिरायची, चिखलात पाय घालून हुबी राहायची, मी वरडायचे, सर्दी हुईल गं, तर म्हणायची, आत्या, आमी माशांच्या गावच्या. लई बोलकी. दिग्विजय कामावरनं आला की तिला काय काय सांगत बसायचा, ह्या वट्यावरच, कंपनीतलं, मशीनींचं. एकदा टेस्टर दाखवत हुता, म्हणला, करंटला जमीन पायजे असती, त्यो सारखी जमिनीची वाट शोधत असतो. लोखंडातनं, तांब्यातनं, पाण्यातनं, वल्या मातीतनं त्यो पळत सुटतो, रबरातनं न्हाय जात, काचंतनं न्हाय, वाळल्या लाकडातनं न्हाय. ती म्हणली, आन माणसातनं? त्यो म्हणला, माणूस म्हंजे पाणीच की. म्हणून मला कवा शॉक बसला तर मला हात लावायचा न्हाय, वाळलं लाकूड शोधायचं, त्येनं ढकलायचं. तर ती काय म्हणली म्हाईत हाय? मी न्हाय बाई शोधत बसायची लाकूड, मी तर तुमाला धरणार. असा चिडला त्यो! चेष्टा न्हाय ही, म्हणला. धरलंस तर दोगं जाऊ. ती हासली. मी हितं तांदूळ निवडत हुते, मी पण हासले. नवराबायकोचं बोलणं, त्यात काय.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली न्हवती. काय की, तोंडातनं निघाली.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात. रात्रभर वारं हुतं, बुरबुर पाऊस. सकाळी जरा उघडलं म्हणून तिनं धुणं काढलं. तवा हितं पुढं पत्र्याचा गोठा हुता – आता दिसतोय तो सिमेंटच्या पत्र्याचा, तो न्हवं – लोखंडी पाइपांवर उभा केल्याला, आन गोठ्याच्या पाइपापासनं शेवग्याच्या झाडापतोर तार बांधल्याली, कापडं वाळत घालायला. पोलावरनं घरात येणारी वायर गोठ्यावरनं यायची. रात्रीच्या वाऱ्यात ती पत्र्याच्या कडंवर घासून घासून सोलली. एवढीशीच, नखाएवढी जागा, नंतर दाखवली मला. पण पत्रा म्हंजे सलग लोखंड – एका कोपऱ्याला करंट लागला की समदा पत्रा, समदं पाइप, ती तार शेवग्यापतोर, समदं जितं झालं. आन दिसायला? दिसायला काय न्हाय. पत्रा तसाच, तार तशीच, तारंवर पावसाचं थेंब लोंबत्याती. गाय तेवढी लांब सरकून हुबी हुती, दावं ताणून. मी बगितलं तिला, मनात आलं हिला आज काय झालं, आन चुलीकडं वळले.

रेश्मानं वली साडी खांद्यावर घेतली, अनवाणी गेली, चिखलातनं, आन दोनी हातांनी तार धरली.

वरडली न्हाय ती. लोकांना वाटतं माणूस वरडतं. न्हाय वरडत, सारजाबाई. मी खिडकीतनं बगितलं तर ती तार धरून हुबी, मला वाटलं कुणाशी बोलतीया, मान अशी वर, तोंड हालतंय. मंग मला दिसलं तिचं हात थरथरतेत आन सुटत न्हाईत. मी पळाले. मला काय कळतंय, मला एवढंच कळलं लेक चिकटलीया, तिला ओढायचं. दोन पावलं राहिली हुती फकस्त, माजा हात असा पुढं, आन दिग्विजयनं मला मागनं कंबरंत धरलं आन फेकलं. ढकललं न्हाय, फेकलं. जन्मदात्या आयला. उकिरड्यापाशी जाऊन पडले, हे मनगट बगा, तवा मोडलं ते असंच वाकडं बसलं. तितनं पडल्या पडल्या बगितलं मी समदं. उठता येत न्हवतं.

त्यो तिच्यापुढं हुबा. एवढ्या अंतरावर, तुमी आन मी बसलोय न्हवं, एवढ्याच. ती त्येच्याकडं बगतीया. डोळं उघडं हुतं तिचं, मी सांगते तुमाला, तिला दिसत हुतं. आन त्येनं हात पुढं केला आन मागं घेतला. परत पुढं केला, परत मागं घेतला. मंग इकडं बगतोय, तिकडं बगतोय, लाकूड, लाकूड म्हणतोय स्वतःशीच. बांबू हुता कुडाला टेकवल्याला, तो उचलला, टाकून दिला – चिंब भिजल्याला. खोऱ्याचा दांडा वला. जळणाचा ढीग वला. रात्रभर पाऊस, बाहीर वाळलं काय असणार? मंग पळत घरात गेला, मेन स्विच पाडला. बाहीर आला तर ती तशीच. अवो, वायर मेनच्या आधीच घासल्याली ना, पोलाकडनं येतानाच, मेन पाडून काय हुतंय? तिकडचा करंट तिकडं चालूच. ते त्येला कळलं, मला त्येच्या तोंडावर दिसलं कळलेलं. परत आत पळाला आन जेवायचा पाट घेऊन आला, सागवानी, घरातला म्हणून कोरडा, आन त्या पाटानं तिच्या हातावर मारलं. मारलंच, दोनदा, तवा हात सुटला. पडली. मंग हात लावला त्येनं. छाती दाबली, तोंडानं वारा दिला, आयटीआयला शिकवल्यालं समदं केलं, गाडी येईपतोर करत हुता, गाडीत करत हुता, बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्येला बाजूला ओढलं तवर करत हुता.

पाणी घ्या. छकुलीनं ठेवलंय बगा तितं, रेश्माच्या पोरीनं.

हां. कपाळावरची खूण इचारताय व्हय तिच्या. सांगते. येईल ती खेळून, तिच्यापुढं नगं.

तर दहाव्याला रेश्माची आय आली. लोकं जमल्याली. ती काय भांडली न्हाय, शिव्या दिल्या न्हाईत. त्येच्यासमोर जाऊन बसली आन इचारलं, दिग्विजयराव, तुमी तिला हात का न्हाय लावला? एवढंच. मी म्हणले, विहीणबाई, हात लावला असता तर त्यो पण गेला असता, आन मला न्हाय का त्येनं फेकलं, न्हायतर आज तीन गेली असती, पोरगी उघडी पडली असती. समदं खरं हाय, सारजाबाई. वायरमन आला त्येनं पण सांगितलं, जोतीराम वायरमन, आपल्याच गावचा – पोरानं बरोबर केलं म्हणला, मी असतो तर मी पण असंच केलं असतं. समदं बरोबर केलं. पण ती बाई लेकीची आय हाय. तिला ते बरोबर काय कामाचं? आन वस्तीवर तर काय, त्यो हुबा राहून बगत हुता, एवढंच फिरलं. बायकू तारंला चिकटली आन ह्यो बगत हुता. मी किती जणींच्या तोंडाला लागले. आता न्हाय लागत.

महिनाभर त्यो बोललाच न्हाय. मंग बोलायला लागला तर एकच – आई, वायर मेनच्या आधी घासली हुती, मला पत्र्याकडं बगितल्या बगितल्या कळायला पायजे हुतं. मेनकडं गेलो नसतो तर पाट आधी आणला असता. जेवताना तेच, निजताना तेच. मंग कामावर गेला न्हाय. मंग एक दिवस मोडवाला आणला. पत्रा गेला, पाइप गेलं, तार गेली, तिच्या जागी नायलॉनची दोरी आली. भांडी गेली. खाली रबराच्या मॅट टाकल्या, ही तुमच्या पायाखाली हाय तीच. नवं अर्थिंग केलं, करंट जरा इकडंतिकडं झाला तर घरातली समदी लाईट आपोआप बंद पडंल अशी डब्बी बसवली. मी म्हणले चांगलं हाय, घर सुरक्षित झालं. आन मला कवा कळलं सांगू? संक्रांतीला. मी त्येच्या हातावर तिळगूळ ठेवायला गेले, तर त्येनं हात काढून घेतला. म्हणला, तितं ठेव. मंग मी आठवत बसले – ह्या पोरानं शेवटी कुणाला हात लावलाय? छकुलीला उचललेलं आठवंना. मालकांच्या पाया पडला न्हाय दिवाळीला, लांबनंच वाकला. ताट मी द्यायचं न्हाय, खाली ठेवायचं, मंग त्यो घ्यायचा. आमी घरातलीच माणसं, पण कसं रोजचं रोज असलं की ध्यानात येत न्हाय.

न्हाय, तसं न्हाय. येडा न्हाय माजा लेक. हिशेबाला चोख हाय, शेतीत बगा की त्येची. समद्यांशी नीट वागतो. पण हात न्हाय लावत कुणाला.

आन मंग थंडी आली, ही परवाची. पोरगी निजायची माज्यापाशी, नायलॉनचं ब्लँकेट घेऊन. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी अंधारलेलं हुतं, ती ब्लँकेटात शिरली आन तडतड आवाज आला, आन अवो, निळ्या ठिणग्या. बारीक बारीक, ब्लँकेटाच्या घडीत. पोरगी उठून बसली तर तिचं क्यास समदं हुबं, तोंडाभवती, कुणी हातानं उचलून धरावं तसं. आन ती भ्याली न्हाय. म्हणली, आज्जी, आई आली. कशावरनं गं? तर म्हणली, ती रोज येती, ह्या प्लास्टिकच्या लाल खुर्चीत बसली की हातावरची लव उठती, आई हात फिरवती. मी हात नेला खुर्चीपाशी. खरंच उठली ओ लव. आता मी काय म्हणू? मला तरी काय ठाव? रेश्मा पोरीला तशीच निजवायची, हात अंगाला न लावता, वरच्या वर फिरवायची, पोर झोपती झोपती म्हणायची. मी त्या खुर्चीपुढं एकदा हात जोडलं. कुणाला सांगू नका.

दिग्विजयला कळलं तर त्येनं पोरीला बसवून सांगितलं, लांब बसवून. म्हणला, छकुले, ती आई न्हाय. घासल्यानं थोडा करंट तयार हुतो. लोखंड असतं तर समदीकडं पसरला असता आन वाट गावली की जमिनीत गेला असता. प्लास्टिकवर पसरता येत न्हाय त्येला, जितं तयार झाला तितंच बसून राहतो. पावसाळ्यात हवा वली असती, तिच्यातनं हळूहळू उतरून जातो, थंडीत हवा कोरडी म्हणून लई येळ राहतो. घरातलं लोखंड आपण काढलं, समदीकडं प्लास्टिक हाय, म्हणून असं हुतंय. पोरगी दुसरीतली, ऐकलं तिनं शाण्यासारखं आन इचारलं, मंग त्येला जायला वाट का न्हाय ठेवली? त्यो उठून बाहीर गेला.

दोन-तीन दिवसांनी झालं ते कपाळाचं. पोरगी त्या खुर्चीवरनं घसरत उतरली, अंगात लोकरीचा स्वेटर, आन बाप दारात चप्पल घालत हुता, तर ही मागनं गेली आन त्येच्या कानाला बोट लावलं. मस्करी. टच्च करून ठिणगी बसली. तुमाला-आमाला असं किती येळा हुतं, गाडीच्या दाराला हात लावला की, आपुन अगं आई गं म्हणतो आन सोडून देतो. त्यो असा वरडला, सारजाबाई – रेश्मा वरडली न्हवती, ते समदं त्येच्या तोंडातनं आलं त्या दिवशी. आन वरडत वरडत त्येनं हात झाडला. पोरगी उंबऱ्यावर पडली. टाकं पडलं. तिला उचलून दवाखान्यात कुणी न्यायचं? तिच्या कपाळातनं रगत, आन त्यो हुबा, हात पुढं करतोय आन मागं घेतोय, हात पुढं करतोय आन मागं. मीच उचलली, ह्या वाकड्या हातानं. तवापासनं पोरगी त्येच्याकडं जात न्हाय. त्यो दिसला की माज्या पदरामागं. त्यो बगतो ते.

बसा ओ, उठू नका. मी कुठनं कुठं आले. तुमाला घर दाखवायचं हुतं.

बसा. आता एवढं सांगितलंय तर – ह्ये मालकांना पण म्हाईत न्हाय. मालकांना काय, त्यांना वाटतं लगीन लावलं की पोरगं सुदरतंय. होळी झाली आन त्येच्यानंतर. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची हुती, पण दुपारी गेल्याली. मी भाकरी घेऊन हिरीवर गेले. मोटरीच्या खोलीचं दार उघडं. आत बगते तर दिग्विजय. चपला दाराबाहीर काढल्याल्या, नीट शेजारी शेजारी. त्यो रबराच्या चपलंबिगर घरात फिरत न्हाय, आन तितं अनवाणी, खालची जमीन पाणी वतून वली केल्याली. स्टार्टरचं झाकण काढून खाली ठेवल्यालं आन त्येचा उजवा हात आत, तांब्याच्या पट्टीवर. हुबा हुता. लाईट न्हवती ना. लाईट यायची वाट बगत हुबा हुता.

मी वरडले न्हाय. कसं सुचलं मला देव जाणं. भाकरीचं फडकं ठेवलं, चपला काढल्या, आत गेले वल्यातनं आन त्येचा डावा हात धरला. दोनी हातांनी, असा. थंडगार हात. किती दिवसांनी हातात आला हुता माज्या. त्यो म्हणला, आई, सोड. लाईट यायची येळ झालीया. मी म्हणले, येऊ दे की. म्हणला, आई, तू जाशील. मी म्हणले, जाईन. तुझी आय हाय, लाकूड शोधत बसायची न्हाय मी. मला रेश्माचंच बोलणं सुचलं ओ, त्येला बोलायचं म्हणून न्हवतं बोललं, तोंडातनं आलं. त्येनं माज्याकडं बगितलं. त्या दिवशीपासनं पैल्यांदी नीट बगितलं. म्हणला, त्या येळंला तुला फेकलं म्हणून तू हाईस, आई. मी म्हणले, व्हय. आता फेकून दाव.

पट्टीवरचा हात काढला त्येनं. मी त्येला वढत बाहीर आणला, बांधावर बसवला, हात सोडला न्हाय. बसलोय न बसलोय तर आतनं घुंईं आवाज झाला, खोलीतला बारका दिवा लागला. आली लाईट. त्यो त्या दिव्याकडं बगत राहिला आन मंग वाकून वकला, पोटात काय न्हवतं, नुसतं पाणी. मी पाठीवरनं हात फिरवत हुते. फिरवू दिला तेवढा येळ. मंग म्हणला, आता सोड, आई. मंग सोडला.

तुमी रडू नका. मी रडत न्हाय बगा.

आता मी तुमाला खरं सांगते, सारजाबाई, सकाळपासनं मी तुमाला भुलवायचंच ठरवलं हुतं. पुरणाचा स्वयंपाक करू का म्हणले मालकांना, पाव्हणं खूश व्हत्याल. तुमची सोनल मी फोटोत बगितली, गुणाची दिसती, मला वाटलं येईल, पोरीला जीव लावंल, त्येला बोलतं करंल. पण तुमी आल्या आल्या तुमच्या लेकीचं सांगितलं ना, त्या माणसाचं, की दोन वर्सं नांदली पण त्येचा हात तिला फकस्त मारायलाच लागला – तवापासनं मला तुमाला भुलवणं जमंना. तितं हात लागला तो मारायला, आन हितं आली तर लागायचाच न्हाय. त्या पोरीनं करायचं काय? रोज त्येचं ताट खाली ठेवायचं? मी आय हाय म्हणून मी त्या वल्यात पाय घातला. परक्याच्या लेकीनं कशाला घालायचा? आन घातलाच तिनं तर, रेश्मासारखी असली तर? त्येला एकदा येळंवर वाळलं लाकूड गावलं न्हाय, परत कुणी त्येच्यापुढं चिकटून हुबं राहू नये.

त्येला बायकू नगं, त्येला डॉक्टर पायजे. मनाचा. बारामतीत हाय एक बाई, मी इचारून आलीया, बाजारला जाते म्हणून गेले आन इचारून आले. ती म्हणली, घेऊन या, येळ लागंल पण बरं हुतंय. त्यो येईल. मी म्हणले तर येईल त्यो. मालकांना अजून सांगितलं न्हाय, त्यांना लाज वाटती, आपलं पोरगं काय येडं हाय का म्हणत्याल. म्हणू देत. आज रातच्याला सांगते. तुमच्या पुढ्यात बोलले तर तोंड कसं मोकळं झालं, आता त्यांच्यापुढं पण बोलंन.

तुमी न्हाय म्हणा. आत्ता नगं, घरी जावा, दोन दिवसांनी फोन करा, पत्रिका जुळत न्हाय म्हणा, पोरगी तयार न्हाय म्हणा, काय बी म्हणा. मी राग मानायची न्हाय. मालक मानतील, दोन दिवस बडबडतील. आन कुठं बाहीर बोलू नका एवढं. हिरीवरचं तर न्हायच. तुमच्या मालकांना पण नगं. तुमी देव माणूस, कपाळाला आठी न पाडता ऐकलंत. एवढं कुणी बसून ऐकलं न्हवतं.

थांबा. आलं वाटतं – व्हय, मालकांचा आवाज. डोळं पुसा, पदर घ्या नीट. कुत्रं भुंकतंय म्हंजे आलंच.

या, या. दावलं का समदं रान? कॅनॉलपतोर? मला वाटलंच. दिग्विजय, त्या सावलीत बस बाबा, घामाघूम झालाय. काय? न्हाय ओ, कसला स्वयंपाक, मी थांबाच म्हणत हुते, पण ह्यांना निघायचंय. लांब जायचंय त्यांना, ऊन वाढायच्या आत. चला, सारजाबाई, तुमाला गाडीपतोर सोडते.